पन्हाळ कोणाकडं उतरते?

गाव सोडायच्या दिवशी आमची माय चुकीच्या ट्रॅक्टरवर चढली.

दोन ट्रॅक्टर उभे होते. पुढचा आमचा. त्यात छपराचे कवेलू, दाराच्या चौकटी, धानाची कोठी, शेळी आणि सगळ्यांच्या वर बाबा. मागचा शेजारच्या दयाराम काकांचा. त्यातही तेच सामान, फक्त शेळीच्या जागी कोंबड्यांचा खुराडा. माय आमच्या ट्रॉलीजवळून सरळ मागे गेली आणि काकांच्या बायकोजवळ, फुलवंता काकूजवळ, वाकळांच्या गाठोड्यावर बसली. बाबा वरून ओरडले, "तो आपला नाही! इकडं ये!" मायनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंड फिरवलं. ऐकू न येण्याची तिची ती जुनी रीत होती.

बाबांना तिच्याशी वाद घालायला सवड नव्हती, कारण ते आधीच दयाराम काकांशी भांडत होते. भांडण पन्हाळीचं होतं. आमची दोन घरं एका भिंतीची. दोन्ही छपरांचं पाणी मधल्या भिंतीवर उतरायचं, म्हणून तिथे टिनाची एक लांब पन्हाळ बसवलेली. ती पुढे उतरती झाली की पाणी काकांच्या अंगणात, मागे उतरती झाली की आमच्या घरामागच्या सांदवाडीतल्या वांग्यांवर. पावसाळा लागला की बाबा गुपचूप पुढच्या टोकाची वीट काढून मागच्या बाजूचं टोक उचलायचे, आणि काका ती वीट पुन्हा पुढे नेऊन ठेवायचे. मग दोघं आपापल्या सपरीत, म्हणजे ओसरीत, उभे राहून एकमेकांच्या तीन पिढ्या उद्धरायचे. पाऊस थांबला की भांडणही थांबायचं आणि कोणी ना कोणी तंबाखू पुढे करायचा. त्या दिवशी काकांनी पन्हाळ आपल्या ट्रॅक्टरवर टाकली होती. बाबा म्हणत होते, "टिन माह्या बापानं आनलं." काका म्हणत होते, "वाकवलं तर माह्या बापानं." शेवटी ती मागच्याच ट्रॅक्टरवरून गेली. माय वाटभर तिच्यावर हात ठेवून बसली होती.

आपलं गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे, हे तुम्हाला काय सांगायचं. जुन्या गावच्या माणसांनो, जे पुनर्वसनात राहता आणि जे तिथूनही निघून कुठे कुठे गेलात, हे मी तुमच्यासाठीच लिहिते आहे. धरण, मोबदला, सरकार यांवर आपण सगळे पोटभर बोलून झालो आहोत. मला त्या बैठकीबद्दल बोलायचं आहे, कारण ती आपली आपण केली होती. त्यात सरकारचा काही हात नव्हता.

आठवते का ती बैठक? शाळेसमोरच्या निंबाखाली पुनर्वसनाच्या साहेबांनी नव्या वस्तीचा नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. म्हणाले, "कोणाला कोणता प्लॉट हवा ते आपसात ठरवा. नाही जमलं तर चिठ्ठ्या काढू." आपण म्हटलं, चिठ्ठ्या कशाला, आम्ही काय लहान लेकरं आहोत? जन्मात पहिल्यांदा आपल्याला कोणी विचारलं होतं की तुम्हाला कुठे राहायचं आहे. मग काय विचारता! सगळा गाव एकदम शहाणा झाला. एकाला मारुतीच्या मंदिराजवळ हवं होतं, पण भोंग्याकडे पाठ करून. एकाला बोअरिंगजवळ, पण पाणी भरायच्या गर्दीपासून लांब. एकाला रस्त्याला लागून, मात्र धूळ नको. भावाजवळ राहायचं आणि भावजयीपासून दूर, असा प्लॉट मागणारे तर निदान चार-पाच जण निघाले. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याच्या बाजूला कोणीच तयार होईना. तो बिचारा नकाशाकडे बघत म्हणाला, "मी वाजवनं सोडतो ना बाप्पा, पन मले लोकायमंदी ठेवा." साहेब हसून हसून खोकत होते.

आमच्या बाबांची पाळी आली. ते उठून उभे राहिले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मले कोनताई द्या. फक्त या दयारामच्या बाजूचा देऊ नका. उभ्या जल्मात याच्या छपराचं पानी झेललं." लोक हसले. दयाराम काका बसल्या जागेवरून म्हणाले, "लिहून घ्या सायेब. माहंबी हेच म्हननं हाय." साहेबांनी खुशीनं एकाला रस्त्याकडची पहिली रांग दिली, दुसऱ्याला नाल्याकडची शेवटची. दोघंही लढाई जिंकल्यासारखे घरी आले. येताना एकत्रच आले, ते वेगळं सांगायला नको.

मायला हे भिंतीतून कळलं. त्या भिंतीत एक कोनाडा होता, आरपार. गावात वीज नव्हती तेव्हाची ती युक्ती. एक दिवा ठेवला की दोन्ही चुलींपुढे उजेड पडायचा. आज तेल आमचं, उद्या काकूचं. वीज आल्यावर दिवा गेला आणि कोनाडा राहिला. त्यातून इस्तो, म्हणजे चुलीतला विस्तव, जायचा, लाखोरीची भाजी यायची, काकूच्या सुनेची तक्रार यायची आणि आमच्या आजीची तक्रार जायची. काकूची मुलगी वनिता आणि मी, आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना बसून त्यातून हात धरायचो आणि अभ्यास करतो असं सांगायचो. काकूला दमा होता. पहाटे तिचा खोकला ऐकू आला की माय म्हणायची, "उठली फुलवंता," आणि मग स्वतः उठायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण माय त्याच्यावर कधी उठली नाही.

तर त्या दिवशी कोनाड्यातून काकूचा आवाज आला, "आयकलं काय वो? तुमी नाल्याकडं, आमी रोडाकडं." मायच्या हातातली पळी तशीच राहिली. ती बाबांना एवढंच म्हणाली, "तुमाले पानी दिसलं. कोनाडा नाही दिसला काय?" बाबांना तो खरंच दिसला नव्हता. त्यांनी त्या कोनाड्यातून कधी काही घेतलंच नव्हतं, सगळं त्यांच्या ताटात यायचं. त्या संध्याकाळी दोन्ही घरांत चूल पेटली नाही. ठरवून नाही, पण पेटली नाही. दोन्ही सपऱ्यांमध्ये दोन गडी मुरमुरे खात बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. पण नकाशावर नावं पडली होती, सह्या झाल्या होत्या, आणि बायकांचं ऐकून पुन्हा साहेबांकडे जाणं दोघांच्याही मिशांना मानवणारं नव्हतं. आता वाटतं, चिठ्ठ्याच काढल्या असत्या तर निदान नशिबाला तरी एक संधी मिळाली असती.

पुनर्वसन, म्हणजे नवीन गाव, दिसायला छान होतं. रस्ते सरळ, रुंद, सगळे प्लॉट सारखे. इतके सारखे, की पहिल्या पावसाळ्यात दोन म्हातारे दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवून आले. मायनं घर बांधताना मिस्त्रीला सांगितलं, पूर्वेच्या भिंतीत आरपार कोनाडा ठेव. मिस्त्री म्हणाला, "बाई, भिंतीले भोक कोन ठेवते? साप शिरन." आणि तिकडून कोणी हात घालणार तरी कोण होतं? घर आणि घर यांच्यामध्ये बैलबंडी जाईल एवढी जागा सोडायचा नियम होता. तरी मायनं तो ठेवायला लावला. नंतर थंडीत वारा यायला लागला तेव्हा बाबांनी बाहेरून एक फळी ठोकली. उरलेल्या कोनाड्यात माय काड्यापेटी ठेवते.

आमचा नवा शेजारी दुसऱ्या गावचा, अतिशय सज्जन माणूस. आपल्या छपराचं पाणी आपल्याच अंगणात सोडायचा. चार महिने बाबांनी वाट पाहिली, त्याच्याकडून काही आगळीक होते का. झाली नाही. मग एका संध्याकाळी बाबांनी काठी घेतली आणि शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेत चालत गेले. दयाराम काका दारातच उभे होते. म्हणाले, "काहून आला?" बाबा म्हणाले, "असाच. इकडं धूळ किती हाय पाहाले." त्यानंतर रोज. भांडायला पन्हाळ नव्हती, ती काकांच्या गोठ्यात गाईला पाणी पाजायला वापरात होती. मग दोघांनी नवा विषय काढला. काठीनं धुळीत जुनं गाव काढायचे आणि भांडायचे. चिंच बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, या बाजूला होती की त्या बाजूला. विहिरीला पायऱ्या किती. पाण्याखालच्या गावाचा वाद, तपासायला कोण जाणार? दोघांनाही हरायची भीती नव्हती.

त्यांचं असं भागलं. बायकांचं नाही भागलं. मायचे गुडघे गेले. काकूला चार घरं चाललं की धाप लागायची. एवढ्या लांबून इस्तो आणायला कोण जातं, आणि आता घरोघरी गॅस. सणावाराला, तेरवीला भेट व्हायची. मी मायला मोबाइल घेऊन दिला. दोन दिवस बोलल्या, तिसऱ्या दिवशी फोन शिक्याला टांगलेला. विचारलं तर म्हणाली, "फोनात का बोलू? फोनातून फोडनीचा वास येते का? ती म्हनते वांगे केले, मी म्हनतो बरं केलं. झालं." आमच्याकडे बायकाही बोलताना 'मी म्हनतो'च म्हणतात. नागपूरला आल्यावर माझं ते सुटलं. मायच्या तोंडून ऐकलं की अजून घरी आल्यासारखं वाटतं.

मग एक संधी आली. दयाराम काकांच्या बाजूचं घर खाली झालं. त्या घरचा मुलगा वरठीच्या कारखान्यात लागला होता. रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन कंटाळला आणि आईबापाला घेऊन तिकडेच गेला. घर कोणाला तरी द्यायचं होतं. मायनं आयुष्यात पहिल्यांदा मागणं मागितलं. म्हणाली, "आपन तिकडं जाऊ." बाबा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी कायले म्हनू? भर बैठकीत म्हनलो होतो याच्या बाजूचा नको. त्यानं एकदा 'ये' म्हनाव, मी उद्या बंडी जुपतो." तिकडे काका काकूला म्हणाले, "मी कायले म्हनू? गरज त्याले हाय, तो म्हनन."

मी नागपुरातून आणि वनितानंही नागपुरातूनच, फोनवर फोन केले. मी बाबांना सांगायची, काकांची फार इच्छा आहे. ती काकांना सांगायची, बाबांची फार इच्छा आहे. दोघंही म्हणायचे, "मंग त्यानं म्हनाव ना!" आणि संध्याकाळ झाली की दोघं मिळून धुळीत चिंच काढायचे. रोज भेटायचे, रोज बोलायचे, तेवढं एक बोलायचे नाहीत. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. ते घर तिसऱ्याच कोणीतरी घेतलं. त्यानं पहिल्याच आठवड्यात तिथे चक्की टाकली. त्या चक्कीच्या आवाजाबद्दल बाबा आणि काका मात्र एकमतानं बोलतात.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, काकू गेली. सकाळीच गेली. रोवणीमुळे सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मायला कळलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, तेही रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं सांगितलं म्हणून. पहिल्या रांगेतली बातमी शेवटच्या रांगेत यायला एवढा वेळ लागतो. माय गुडघे धरत कशीबशी पोचली. ती रडली नाही. काकूच्या पायाशी बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मले खोकला आयकू आला असता. बंद झाला तं मले समजलं असतं." बाबा उठून बाहेर गेले.

तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर दयाराम काका गोठ्यात गेले. पन्हाळ ओढत बाहेर आणली आणि बाबांपुढे टाकली. "घेऊन जा. तुह्याच बापाचं टिन होतं." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. वाकवलं तर तुह्याच बापानं." आणि मग ते दोन म्हातारे माणसांदेखत रडले. माय आतून हे ऐकत होती. तिला एवढा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. "आता म्हनून राहिले," ती भिंतीला म्हणाली. "आता म्हनून राहिले!"

हे सगळं आठवायचं कारण, आम्ही यंदा फ्लॅट शोधत होतो. प्रवीण, माझा नवरा, फार पद्धतशीर माणूस आहे. पार्किंग, शाळा, मेट्रो, चोवीस तास पाणी, लिफ्टला जनरेटर, सगळं त्याला तोंडपाठ. नागपूरच्या बाहेरच्या अंगाला एक नवी टाऊनशिप त्याच्या मनात भरली होती. क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, तळंसुद्धा. तळ्यात पाणी टँकरनं सोडतात. आम्ही तलावांच्या मुलखातली माणसं, मला हसू आवरेना. एजंट फ्लॅट दाखवताना भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, "मॅडम, साऊंडप्रूफ आहे. बाजूच्या घरात काय चाललंय, तुम्हाला काहीच कळणार नाही." हे तो मला चांगली गोष्ट म्हणून सांगत होता, आणि प्रवीण मान हलवत होता.

दुसरा फ्लॅट वनितानं सुचवलेला. कामठी रोडकडच्या जुन्या वस्तीत, तिच्याच बिल्डिंगमध्ये, तिच्याच मजल्यावर. पार्किंग म्हणजे देवाची दया, खालून रेल्वे, आणि दोन स्वयंपाकघरांच्या खिडक्या एका चिंचोळ्या डक्टवर समोरासमोर. प्रवीण म्हणाला, "अगं, लोक प्रायव्हसीसाठी पैसे मोजतात!" मी म्हटलं, मायला दोन्ही दाखवू. तिचा घरं निवडण्याचा अनुभव दांडगा आहे.

माय आली. आधी टाऊनशिप पाहिली. लिफ्टमधून उतरून, चकचकीत फरशीवर चपला हातात घेऊन चालली. एजंटनं तिलाही भिंतीवर टिचकी मारून दाखवली. तिनं भिंतीला तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि त्याला अगदी साधेपणानं विचारलं, "मंग मानूस मेला तं बाजूच्याले मालूम कसं होईन?" एजंट प्रवीणकडे पाहायला लागला. प्रवीण मोबाइलकडे पाहायला लागला. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी कामठी रोडला वळवली, मी न सांगता.

वनिताच्या समोरच्या त्या रिकाम्या स्वयंपाकघरात माय ओट्याला टेकून उभी होती. पलीकडे वनिताला कळलं नव्हतं आम्ही आलोय. ती फोडणी देत होती. मिरचीचा झणझणीत खाट नाकात आला, आणि त्यापाठोपाठ वनिताला ठसका लागला. हुबेहूब काकूसारखा. माय पटकन वळली आणि खिडकीतून म्हणाली, "उठली काय वो फुलवंता?"

वनितानं झाकण तसंच सोडलं आणि खिडकीत आली. डक्ट एवढा अरुंद की दोघींनी हात बाहेर काढले आणि ते एकमेकींना पुरले. मी मागे उभी होते. माझ्या डोळ्यांना खाट लागला असं मी प्रवीणला सांगितलं. तो म्हणाला, "हो, मलाही लागला."

थोड्या वेळानं मी मायला म्हटलं, "हेच घेऊ आपण. तू आणि बाबाही इकडेच या. खिडकी तुझी." मायनं हात मागे घेतला, पदरानं पुसला. "तुमी घ्या. चांगलं हाय. तुही शेजारीन तुले भेटली." मग खिडकीकडे न बघता म्हणाली, "मले आता कुठंई ठेव. माह्या बाजूचं घर खालीच राहीन."

आम्ही तोच फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला माय आली, दोन दिवस राहिली आणि परत गेली. बाबांना पहिल्या रांगेत जायचं असतं, त्यांना सोडून ती राहात नाही. घर कुठे आहे असं मला कोणी विचारलं तर मी पाण्याखालचं गाव सांगत नाही, नवीन गावही सांगत नाही. मी डक्टकडची खिडकी दाखवते. सकाळी पलीकडे कुकरची शिटी झाली की मी उठते. पण त्या शिटीत दर वेळी मायचा कोरडा पुसलेला हात असतो, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

फ्लॅट घेतल्याचं सांगायला फोन केला तेव्हा बाबा काकांकडेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वनिताच्या बाजूला म्हटल्यावर काकांनाही सांगितलं. मग विचारलं, "पन्हाळ कोनाकडं उतरते?"

"फ्लॅटले पन्हाळ नसते, बाबा."

तिकडे चक्की चाललेली ऐकू येत होती. मग बाबा काळजीनं म्हणाले, "मंग तुमी भांडान कशावरून?"